वास येतोय

दुरियन घरी नेता येत नाही, हे एका परीने बरंच आहे.

सिंगापूरच्या मेट्रोत या उग्र वासाच्या फळाला बंदी. स्टेशनावरच्या फलकावर सिगरेट ओढलीत तर हजार डॉलर, खाल्लं-प्यायलंत तर पाचशे डॉलर असे दंड छापलेले असतात. दुरियनच्या काटेरी चित्रावर मात्र नुसती फुली. खाली आकडाच नाही, जणू हा गुन्हा पैशांत मोजण्यापलीकडचा आहे. बसमध्ये चालत नाही, बहुतेक हॉटेलांत चालत नाही, टॅक्सीवाले तर पिशवीचा आकार बघूनच मान हलवतात. एवढं सगळं करून आणलाच घरापर्यंत, तर दारात आमचे हे उभे. माझ्या माहेरचं सगळं त्यांनी आजवर गोड मानून घेतलं, अगदी सुकटसुद्धा. पण दुरियन उंबऱ्याच्या आत येणार नाही, यावर ते ठाम आहेत.

तेव्हा तो खायचा रस्त्यावर, दुकानाला लागून मांडलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून. आणि दोन किलोचं फळ एकटीच्याने संपत नाही, म्हणून आणखी तिघांना गोळा करून.

आमची चौकडी ठरलेली नव्हती, जमत गेली. पेनांगवाली आणि जोहोरवाला हे दोघं माझ्या जुन्या ऑफिसातले, मूळचे मलेशियाचे. तिचे आजोबा पेनांग बेटावरच्या बालिक पुलाऊचे, डोंगरउतारावर त्यांची दुरियनची बाग. याचं गाव जोहोरमध्ये, परसात दोन झाडं. म्हणजे दोघंही या बाबतीत घराणेदार. चौथा कोल्हापूरकर. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमच्या ह्यांच्याशी त्याची ओळख झाली आणि तेव्हापासून मी त्याची वहिनी. जुलैतल्या एका शुक्रवारी त्याला पहिल्यांदा गेलांगला, दुरियनच्या दुकानांच्या वस्तीत, नेलं. अल्जुनीड स्टेशनावर उतरून आम्ही सिम्स अव्हेन्यूच्या दिशेने चालायला लागलो, आणि दुकानं दिसायच्या आधीच तो थबकला.

"काय राव हे? ड्रेनेज फुटलंय का कुठं?"

"पुढे चल."

"वहिनी, वास येतोय."

मराठीत नुसतं 'वास येतोय' म्हटलं की तो वाईटच. चांगला असेल तर आपण तसं वेगळं सांगतो: सुवास, दरवळ, घमघमाट. भाषेनेच नाकाला ताकीद देऊन ठेवलेली. पण मला तरी तो आता 'येत' नाही, जाणवतो. अल्जुनीडच्या कोपऱ्यावर पहिली झुळूक आली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि हे सांगताना मला थोडं ओशाळायलाही होतं, कारण चौदा-पंधरा वर्षांपूर्वी याच वासाने मी रडकुंडीला आले होते.

आम्ही २०११च्या जूनमध्ये इथे आलो. पहिले सहा महिने एका आँटींच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली होती. इथल्या भाड्याच्या जाहिरातींत एक अट हटकून असते: फक्त हलका स्वयंपाक चालेल. हलका म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. मला वाटलं, पुरणपोळी करायची नाही. एका रविवारी मी आईने बांधून दिलेली सुकट काढली, कांदा आणि कोकम घालून मस्त परतली. आँटी काही बोलल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सगळ्या खिडक्या उघडल्या, दोन्ही पंखे लावले आणि खाली जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी: कृपया वासाचे पदार्थ नकोत. ती चिठ्ठी वाचताना मला माझ्या आईचाच वास कुणाला तरी नकोसा झाल्यासारखं वाटलं. उरलेली सुकट मी तीन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या बॅगेत दडवली.

आणि मग जुलै उजाडला. आँटींनी एके संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, डब्यात डबा, डब्यात डबा असा बंदोबस्त केलेला दुरियन फ्रिजमध्ये ठेवला. बंदोबस्ताचा काडीचा उपयोग झाला नाही. दूध, लोणी, रात्री मळून ठेवलेली कणीक, सगळ्याला आठ दिवस तो वास. चहा प्यायला तरी दुरियन. मी चिठ्ठी लिहिली नाही. भाडेकरूने चिठ्ठ्या लिहायच्या नसतात.

योगायोग असा की त्याच ऑगस्टमध्ये सिंगापूरभर वासावरूनच गहजब झाला. चीनमधून आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या करीच्या वासाची तक्रार केली होती. प्रकरण जुनंच होतं, पण वर्तमानपत्रात तेव्हा आलं. मध्यस्थी होऊन ठरलं असं की शेजारी घरात नसताना या लोकांनी करी करायची, आणि त्या बदल्यात शेजाऱ्यांनी ती चाखून बघायची. हे वाचून लोक खवळले. चिनी, मलय, तमिळ, सगळेच. २१ ऑगस्टच्या रविवारी करी रांधा आणि वाटून खा, अशी हाक फेसबुकवर दिली गेली आणि हजारोंनी ती उचलली. आमच्या मजल्यावरही दोन-तीन घरांतून फोडणी आली. आँटींनी करी केली नाही. मीही केली नाही. पण त्या रात्री त्यांनी माझं दार वाजवलं आणि बशीत एक पिवळा गरा पुढे केला. नाही म्हणायची छाती नव्हती. मी तो पाण्याबरोबर गिळला आणि छान आहे म्हणाले. परदेशातलं ते माझं पहिलं व्यवस्थित खोटं.

आवड लागली ती पुढे तीन-चार वर्षांनी, पेनांगवालीने हाताला धरून गेलांगला नेलं तेव्हा. म्हणून कोल्हापूरकराचं नाक बघून मला हसू येत होतं, रागही येत नव्हता.

आमचं दुकान म्हणजे ताडपत्रीखाली लाकडी फळ्यांची उतरंड, फळीवर टोपल्या, टोपलीत हिरवे-तपकिरी काटेरी गोळे आणि वर पुठ्ठ्याचे भाव. अंकल गंजिफ्रॉकमध्ये. एका हातात जाड मोजा, दुसऱ्या हातात आखूड, रुंद पात्याची सुरी. ते फळ कानाशी धरून हलवतात, कारण पिकलेल्या फळात गरा कप्प्यापासून किंचित सुटतो आणि आत डुगडुगतो. मग देठ हुंगतात. मग एकच प्रश्न: कडू की गोड?

कोल्हापूरकराला हा प्रश्नच कळला नाही. "फळ कडू कोण मागतंय?"

"जाणकार मागतात," पेनांगवाली म्हणाली. तिच्या मते गोड दुरियन पोरासोरांचा. खरी मजा माओ शान वांग जातीच्या फळात, ज्याला मलेशियात मुसांग किंग म्हणतात. नाव केलंतानमधल्या गुआ मुसांग गावावरून. घट्ट, हळदीसारखा पिवळा गर आणि शेवटी जिभेच्या मुळाशी उतरणारा कडवटपणा. फळ उलटं केलं की तळाशी काट्यांच्या मधोमध चांदणीसारखी खूण दिसते, ती बघून घ्यायचं. तिच्या लहानपणी डी २४ हाच राजा होता. मलेशियाच्या शेतीखात्याने त्याची नोंद १९३७ साली केलेली, आज तो गरिबांचा झालाय. खुद्द पेनांगकर मात्र दोन्हींना नाकं मुरडतात आणि आपल्या लालसर गऱ्याच्या 'आंग हे'चं कौतुक सांगतात. आंग हे म्हणजे लाल कोळंबी. हे सगळं ती देवगड की रत्नागिरी या आवेशात सांगत असते, त्यामुळे मला ते कळायला कधी जड गेलं नाही.

"अठरा डॉलर किलो?" कोल्हापूरकर भावाच्या पुठ्ठ्यापाशी अडला होता. "सालीसकट?"

सालीसकट. दोन किलोंतून खायचं निघतं जेमतेम तिसरा हिस्सा. राजापूरकडच्या आमच्या घरामागे बरक्याची तीन झाडं होती. पावसाच्या तोंडावर फणस पिकून पटापट पडायचे, आणि कुणी नेला तर त्याचेच उपकार मानावेत अशी परिस्थिती. आजी म्हणायची, गुरांनाही आता वीट आलाय. त्या घरातली मी काट्यांचे पैसे तोलून देते, हे अजून आईला सांगितलेलं नाही. आई एकदा इथे आली होती तेव्हा खाडीकाठचं एस्प्लनेड नाट्यगृह तिला दाखवलं. २००२ साली उघडलेली ही इमारत, दोन घुमटांवर ॲल्युमिनियमची त्रिकोणी टोकंच टोकं. सगळं शहर तिला दुरियनच म्हणतं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फणस अर्धे कापून पालथे का घातलेत?"

फणसाची आठवण होणारच. पण दोघांचं नातं काही नाही. फणस वड-उंबराच्या कुळातला, आणि त्याचं एक फळ म्हणजे शेकडो फुलांची एकत्र मोट. दुरियन हे एकाच फुलाचं फळ, आणि कूळ भेंडी-कापसाचं, जास्वंदीचं. त्यातही जवळचं नातं काढायला गेलं तर सह्याद्रीत सापडतं ते मुरुडशेंगेशी. तीच, पीळ दिलेल्या दोरीसारखी, बाळघुटीतली. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी दात यायच्या आधीच दुरियनच्या चुलतभावाचे चार वळसे उगाळून चाटलेले आहेत. हे कळल्यापासून मी दुरियनकडे जरा आपुलकीने बघते.

अंकलने फळ कापलं नाही, उघडलं. हा फरक बघण्यासारखा आहे. फणसाला सतरंजी पसरा, हाताला, विळीला गोडेतेल लावा, चीक पुसायला सुतळी घ्या, असा सोहळा. इथे चीक नाहीच. तळाच्या चांदणीत सुरीचं टोक खुपसलं, मनगट फिरवलं, चर्रकन आवाज झाला आणि फळ आपल्याच शिवणीवर उकललं. पाच कप्पे. प्रत्येकात पांढऱ्या मऊ गादीवर दोन-तीन गरे, दुलईत झोपवल्यासारखे. गऱ्यावर पातळ कातडी असते. बोटाने हलकं दाबलं तर ती तापवून निवलेल्या दुधावरच्या सायीसारखी सुरकुतते आणि खालचं बोट आत रुतायला लागतं. तिथेच थांबायचं, उचलायचं आणि तोंडात टाकायचं. अंकल आधी एक खिडकी कापून दाखवतात. दाबून बघा, पटलं नाही तर दुसरं फळ. हा सौदा तोंडीच असतो आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

कोल्हापूरकराने प्लॅस्टिकचे हातमोजे चढवले, श्वास रोखला आणि एक गरा तोंडात टाकला.

"नासलंय की हो हे!"

चव कशी, ते मला आजवर कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. बासुंदी आटत आलीय आणि शेजारच्या चुलीवर कुणाचा तरी लसूण करपलाय, असं काहीसं. पण बासुंदी चमच्यावरून ओघळते, हे जिभेला धरून बसतं. पहिल्या घासाला नाक आणि जीभ दोघं भांडत असतात. दुसऱ्याला नाक दमतं.

"तू हिंग खातोस ना?" मी त्याला विचारलं.

"त्याचं काय?"

"डबी उघडून हुंगलायस कधी?"

तो गप्प बसला. हिंगाचा दर्पही गंधकाचा आणि याचाही गंधकाचाच. एरवी कर्करोगावर काम करणाऱ्या सिंगापूरच्या काही शास्त्रज्ञांनी २०१७ साली या मुसांग किंगचा संपूर्ण जनुकीय आराखडा मांडला, निव्वळ कुतूहलापोटी. त्यात दिसलं की गंधकाची उडणारी संयुगं तयार करणाऱ्या जनुकांच्या दुरियनकडे एकावर एक जादा प्रती आहेत. म्हणजे वास हा त्याचा दोष नाही, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली इस्टेट आहे. फळ पिकलं हे जंगलातल्या प्राण्यांना दुरून कळावं म्हणून. आपण हिंगाला तेलात घालून माणसाळवलं. याला तेवढी सवलत नाही, तो कच्चाच समोर येतो.

दुसरा गरा त्याने स्वतःहून उचलला. तिसरा उचलताना काही बोलला नाही. पेनांगवालीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग जोहोरवाला बोलायला लागला. एरवी अबोल माणूस, पण दुरियन समोर आला की त्याला गाव आठवतं. त्यांच्याकडे दुरियन झाडावरून काढत नाहीत. थायलंडात कापतात आणि मग पिकवतात, त्याबद्दल त्याला फारसा आदर नाही. मलेशियात फळ आपणहून पडायची वाट बघायची, आणि ते पडतं बहुतेक रात्री. बागांतून झाडाखाली जाळी बांधतात. त्याच्या परसात जाळीबिळी नव्हती. हंगामात आजोबांबरोबर पडवीत झोपायचं, धप्प आवाज झाला की कुठून आला ते मनात धरून ठेवायचं आणि उजाडायच्या आत शेजाऱ्याच्या पोरांआधी गाठायचं. रात्री झाडाखाली जायची सक्त मनाई. दोन किलोचं काटेरी फळ साठ-सत्तर फुटांवरून डोक्यात पडलं तर काय होईल, ते सांगायला कुणी मागे राहत नाही. मलय भाषेत घबाड मिळालं याला म्हणतातच 'दुरियान रुंतुह', म्हणजे आपसूक पडलेला दुरियन.

"फुलंसुद्धा रात्रीचीच," तो म्हणाला. संध्याकाळी उमलतात आणि सकाळी झाडाखाली पांढरा सडा. मधल्या वेळात गुहांतली वटवाघळं मैलोन्‌मैल उडून येतात, मध पितात आणि फळ धरायची सोय करून जातात. वटवाघळं फुलं खाऊन नास करतात म्हणून पूर्वी काही लोक त्यांनाच हाकलायचे. मग झाडं मोकळीच राहायची. त्याच्या आईकडे जास्त पिकलेला गर मीठ घालून बरणीत आंबवतात, तेंपोयाक. त्याची मिरची घालून चटणी, नाहीतर माशाचं कालवण. "तो वास," जोहोरवाला म्हणाला, "माझ्या बायकोलासुद्धा चालत नाही. ती तिकडच्या शहरातली."

मी त्याला सुकटीची गोष्ट सांगितली. कपड्यांच्या बॅगेची. तो इतका हसला की अंकलने वळून पाहिलं. "बॅग अजून आहे?" पेनांगवालीने विचारलं. बॅग आहे. आणि सुकट आता ती स्वतःच मागून नेते, तिच्या सांबाल चटणीत घालते. बेलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला, वाळवलेला गोळा, रोज भाजणाऱ्या बाईला सुकटीचं काय?

दुरियन झाला की मँगोस्टीन घ्यायचं, हा नियम आहे. हा उष्ण, तो थंड. मँगोस्टीनच्या तळाशी फुलाची खूण असते. तिच्या पाकळ्या मोजल्या तर आत तेवढ्याच पाकळ्या निघतात. कोल्हापूरकराने तीन फळं मोजून फोडली आणि तिन्ही वेळा बरोबर आलं, तेव्हा त्याला दुरियनपेक्षाही मोठा आनंद झाला. जांभळी साल बोटांनी दाबताना मला दरवेळी रातांबा आठवतो, आणि इथे मात्र नातं खरं आहे. मँगोस्टीन आणि कोकम सख्खे चुलत. आमच्याकडे फणसाच्या दिवसांत कोकमाचं सरबत, इथे दुरियनच्या दिवसांत कोकमाचा भाऊ. दुरियनवर दारू पिऊ नये, जिवावर बेततं, असंही इथे बजावतात. आमच्याकडे फणसावर विडा खाऊ नये, पोट फुगतं. अंकलना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. विडा म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

हात धुवायला साबण आहे, पण पेनांगवाली तो वापरू देत नाही. रिकाम्या सालीच्या खोलगट भागात नळाचं पाणी घ्यायचं, त्यानेच बोटं धुवायची, त्यातलंच घोटभर पाणी प्यायचंही. वास त्याने जातो म्हणे. निम्मा जातो. उरलेला निम्मा गेल्यासारखा वाटतो, कारण आपलं नाक तोवर फितूर झालेलं असतं.

परतीची गाडी अकराच्या सुमाराची. आमच्याकडे फळ नव्हतं, तेव्हा कायद्याने आम्ही निर्दोष. तरी आम्ही बसलो आणि शेजारची मुलगी उठून पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. एका छोट्याने आईच्या कुशीत नाक खुपसलं. कोल्हापूरकर अस्वस्थ झाला. हात हुंगून बघितले, मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी ओळखून होते. बॅगेत सुकट दडवतानाचा माझा चेहरा असाच असणार.

समोरच्या बाकावर एक आजोबा डोळे मिटून बसले होते. त्यांचं नाक किंचित हललं. डोळे उघडले, आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, आणि ते कोल्हापूरकराच्या दिशेने पुढे झुकले.

"आज माओ शान वांग किलो कितीला?"

"अठरा," कोल्हापूरकर म्हणाला. आणि खिशातून हात काढून, चिमटीत धरून, बी केवढीशी बारीक होती ते त्याने त्यांना दाखवलं.